ही तपासणी कशासाठी?

गेल्या बाजाराच्या दिवशी माझ्या दवाखान्यात एक शेतकरी गृहस्थ आले. सोबत बावीस-तेवीस वर्षांचा मुलगा होता. मुलाला तीन दिवसांपासून ताप. खुर्चीत टेकण्याआधीच वडिलांनी पिशवीतून कागदांचा गठ्ठा काढला, माझ्यापुढे ठेवला आणि म्हणाले, "डॉक्टरसाहेब, टायफॉईड निघालाय. पेशी बी कमी झाल्यात. ॲडमिट करायचं का सलाईनवर भागंल?"

मी विचारले, "या तपासण्या कुणी सांगितल्या?"

"कुणी नाही. म्हटलं, तुमच्याकडं आलं की तुम्ही लिहून देणारच. मग येता येताच लॅबमध्ये करून घेतल्या. तेवढीच एक खेप वाचली."

त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट डॉक्टरांचे काम हलके केल्याचे समाधान होते. पण "तुम्ही लिहून देणारच" हे शब्द माझ्या मनाला लागले. कारण ते खोटे नव्हते. आम्ही डॉक्टरांनीच लोकांना ही सवय लावली आहे.

गठ्ठ्यात काय नव्हते? रक्ताची संपूर्ण तपासणी होती, विडाल होती, डेंग्यूची होती, लघवीची, यकृताची, मूत्रपिंडाची होती आणि तीन दिवसांच्या तापासाठी थायरॉईडचीही होती. दोन-अडीच हजार रुपये गेले होते. फक्त एक तपासणी नव्हती, मलेरियाची. पावसाळ्यात ताप आलेल्या माणसाची जी तपासणी आधी व्हायला हवी आणि जी प्राथमिक आरोग्य केंद्रात फुकट होते, नेमकी तीच राहिली होती.

मी मुलाला तपासले. घसा लाल, नाक वाहते, अंग मोडून आलेले. जीभ ओली होती, रक्तदाब व्यवस्थित होता, अंगावर कुठे रक्ताचे डाग नव्हते आणि पोट मऊ होते. पेशी म्हणजे प्लेटलेट १ लाख ४० हजार. नेहमीची खालची मर्यादा १ लाख ५० हजार. साध्या विषाणूजन्य तापातही एवढी घट होते आणि आपोआप भरून येते. मलेरियाची तपासणी केली, ती निगेटिव्ह आली. पॅरासिटामॉलच्या गोळ्या, भरपूर पाणी आणि विश्रांती सांगितली. पोटात जोराने दुखले, सारख्या उलट्या झाल्या, लघवी कमी झाली, कुठून रक्त आले किंवा ग्लानी आली तर रात्री-अपरात्रीही यायला बजावले. पाचव्या दिवशी ताप उतरला.

मग त्या कागदावर टायफॉईड कसा निघाला? वाचकहो, आजचा लेख याच प्रश्नावर आहे.

चोर आणि गस्त

विडाल ही तपासणी फ्रान्समधील डॉ. विडाल यांनी १८९६ साली प्रचारात आणली. म्हणजे तिला सव्वाशेहून अधिक वर्षे झाली. ही तपासणी टायफॉईडचा जंतू शोधत नाही. जंतूशी लढण्यासाठी शरीराने जी प्रतिद्रव्ये तयार केलेली असतात, ती रक्तात किती आहेत एवढेच ती पाहते.

एक साधे उदाहरण घ्या. गावात चोरी झाली की गावकरी रात्रीची गस्त सुरू करतात. गस्त पाहून तुम्ही म्हणाल, गावात चोर आला आहे. पण चोर आला त्याच रात्री गस्त नसते, ती काही दिवसांनी सुरू होते. चोर निघून गेल्यावरही ती बरेच दिवस चालू राहते. कधी शेजारच्या गावातल्या चोरीमुळेही आपल्या गावात गस्त लागते. विडालचे नेमके असेच आहे. तापाच्या पहिल्या तीन-चार दिवसांत, खरोखर टायफॉईड असला तरी, ती बहुधा निगेटिव्ह येते. पूर्वी कधी टायफॉईड होऊन गेला असेल, लस घेतली असेल किंवा त्याच जातकुळीच्या दुसऱ्या जंतूचा संसर्ग झाला असेल तर टायफॉईड नसतानाही ती पॉझिटिव्ह येऊ शकते. आपल्याकडे पाण्यातून असे जंतू पोटात जाणे नेहमीचेच आहे. त्यामुळे धडधाकट माणसाचे रक्त तपासले तरी त्यात ही द्रव्ये थोडीफार सापडतात.

म्हणून तिसऱ्या दिवशी केलेल्या एकाच विडालवर टायफॉईडचा शिक्का मारणे चूक आहे. टायफॉईडची शंका खरोखर असेल तर प्रतिजैविक सुरू करण्याआधी रक्ताचे कल्चर करावे. त्यात प्रत्यक्ष जंतू वाढवून पाहतात आणि त्याच्यावर कोणते औषध चालेल तेही कळते. कल्चरला काही दिवस लागतात, पैसेही जास्त लागतात आणि प्रत्येक गावात त्याची सोय नसते, हे खरे. परंतु नमुना जिल्ह्याच्या गावी पाठवता येतो. अंधारात मारलेल्या पाच तपासण्यांपेक्षा नेमकी एक केव्हाही स्वस्त पडते.

माझ्या हातून झालेली चूक

हे सारे मी आज मोठ्या तोंडाने सांगतो आहे. परंतु मीही वर्षानुवर्षे विडाल लिहीत आलो. त्याची किंमत एका कुटुंबाला मोजावी लागली, ती हकीगत सांगितल्याशिवाय मला दुसऱ्या कुणाला उपदेश करण्याचा अधिकार नाही.

गोष्ट २००९ सालची. ऊसतोडीचा हंगाम संपवून परतलेली तिशीच्या आतली एक बाई नवऱ्याबरोबर आली. संध्याकाळी अंग तापते, भूक नाही, थकवा आहे. दवाखान्यात गर्दी होती. बाहेर पंधरा-वीस माणसे बसलेली. मी दोन मिनिटांत तपासले आणि विडाल लिहिली. रिपोर्ट आला, एकास एकशे साठ. मी टायफॉईडच्या गोळ्या दिल्या. त्या ऑफ्लॉक्सॅसिनच्या होत्या.

ताप उतरला. मला वाटले, निदान बरोबर होते. पंधरा-वीस दिवसांनी ती पुन्हा आली. पुन्हा ताप. मी म्हटले, टायफॉईड उलटला. पुन्हा तोच कोर्स, पुन्हा थोडे बरे वाटले, पुन्हा ताप. तेव्हा माझ्या मनात क्षयाची पाल चुकचुकली. मी शहरातल्या लॅबमधून टीबीची रक्ततपासणी करून आणायला सांगितली. त्या काळी ती सर्रास लिहिली जाई. तिचे पैसे भरण्यासाठी नवऱ्याने शेळी विकली, हे मला नंतर कळले. तो रिपोर्ट निगेटिव्ह आला आणि मी निर्धास्त झालो.

शेवटी तिच्या वस्तीवर येणाऱ्या आरोग्यसेविकेने विचारले, "बाई, खोकला किती दिवसांचा आहे?" बाई म्हणाली, "कारखान्यावर होते तवापासून." म्हणजे अडीच-तीन महिने. सेविकेने तिला सरकारी दवाखान्यात नेले, थुंकी तपासली आणि क्षयाचे जंतू सापडले. ती तपासणी फुकट होती. तोपर्यंत तिच्या चार वर्षांच्या मुलालाही लागण झाली होती. दोघांनाही सहा-सहा महिने औषधे घ्यावी लागली. दोघेही बरे झाले, हे माझे नशीब.

मी कुठे चुकलो? पहिली चूक, खोकल्याचे विचारलेच नाही. बाई बहुधा सांगणारही होती, पण माझा हात तोवर चिठ्ठीकडे गेला होता. दुसरी चूक, विडालवर विश्वास ठेवला. तिसरी गोष्ट मला नंतर वाचून उमगली. ऑफ्लॉक्सॅसिनच्या गटातील औषधांचा क्षयाच्या जंतूंवरही काही प्रमाणात परिणाम होतो. त्यामुळे रुग्णाला तात्पुरते बरे वाटते आणि खरे निदान लांबते. म्हणजे माझे औषध रोग बरा करीत नव्हते, लपवीत होते.

आणि ती टीबीची रक्ततपासणी? जागतिक आरोग्य संघटनेने २०११ साली स्पष्ट सांगितले की, रक्तातील प्रतिद्रव्ये पाहून क्षयाचे निदान करणाऱ्या या तपासण्या वापरू नयेत. त्या आजारी माणसाला निरोगी आणि निरोगी माणसाला आजारी ठरवतात. भारत सरकारने २०१२ साली त्यांच्या आयातीवर, उत्पादनावर आणि विक्रीवर बंदी घातली. परंतु त्याआधी किती घरांतल्या शेळ्या गेल्या असतील, याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही.

अनावश्यक तपासणीने फार तर पैसे जातात, असे आपण समजतो. पैसे तर जातातच. परंतु त्याहून मोठे नुकसान असे की, चुकीचा कागद हातात आला की योग्य प्रश्न विचारायचा राहून जातो. चोर सोडून संन्याशाला फाशी, अशातली गत होते.

गुरुजींचे फुल बॉडी चेकअप

आता दुसरा प्रकार पाहू. आमच्या गावातील एक निवृत्त शिक्षक आहेत. वय ६८. त्यांना काहीही त्रास नव्हता. पुण्याच्या मुलाने वडिलांच्या वाढदिवसाला फुल बॉडी चेकअपचे पॅकेज भेट दिले. घरी माणूस आला, रक्त घेऊन गेला. दुसऱ्या दिवशी मोबाईलवर सत्तरहून अधिक तपासण्यांचा रिपोर्ट आला. त्यात चार आकडे ठळक अक्षरांत छापलेले. त्यातला एक कर्करोगाशी संबंधित होता, सीईए नावाचा. तो मर्यादेपेक्षा किंचित वर होता.

झाले! गुरुजींच्या मागे शुक्लकाष्ठ लागले. पोटाचे सीटी स्कॅन झाले, छातीचे झाले. छातीत एक बारीकसा ठिपका दिसला. तीन महिन्यांनी पुन्हा सीटी. तोवर गुरुजींची झोप उडाली, जेवण तुटले. नातीचे लग्न ठरत होते, तेही पुढे ढकलले. तीन महिन्यांनी ठिपका होता तेवढाच होता. जुन्या, भरून आलेल्या जखमेचा वण असावा असे तज्ज्ञांनी सांगितले. डोंगर पोखरून उंदीरही निघाला नाही.

ते सारे कागद घेऊन गुरुजी माझ्याकडे आले. मी विचारले, "गुरुजी, विडी अजून चालू आहे का?" ते ओशाळले. दिवसाला सात-आठ विड्या. धूम्रपान करणाऱ्यांत सीईए थोडा वाढलेला असतो, म्हणूनच निरोगी माणसात कर्करोग हुडकण्यासाठी ही तपासणी करू नये असे सांगितले जाते. मग मी त्यांचा रक्तदाब पाहिला. १७० वर १००! दहा मिनिटे बसवून पुन्हा पाहिला, दुसऱ्या दिवशी बोलावून पुन्हा पाहिला, तेवढाच. सत्तर तपासण्यांच्या त्या पॅकेजमध्ये रक्तदाबाचा पट्टा दंडाला कुणी गुंडाळलाच नव्हता. विडी ओढता का, हेही कुणी विचारले नव्हते. गुरुजींच्या जिवाला खरा धोका होता तो या दोन गोष्टींचा.

पॅकेजमध्ये असे ठळक आकडे का निघतात, त्याचा हिशेब सोपा आहे. प्रयोगशाळा जी नॉर्मल मर्यादा छापते, ती साधारणपणे १०० निरोगी माणसांपैकी ९५ जण ज्यात बसतात अशी धरलेली असते. उरलेले ५ जण निरोगी असूनही मर्यादेबाहेर पडतात. एका माणसाच्या एकमेकींशी संबंध नसलेल्या २० तपासण्या केल्या, तर त्या २० पैकी एक तरी आकडा चुकीने ठळक येण्याची शक्यता ६४ टक्के होते. तपासण्या वाढवत जा, शक्यता वाढत जाते. तेव्हा पूर्ण निरोगी माणूस म्हणजे ज्याच्या तपासण्या अजून पुरेशा झालेल्या नाहीत तो, असे आम्ही डॉक्टर आपसांत विनोदाने म्हणतो. विनोद सोडला तरी गणित खरे आहे.

दक्षिण कोरियाने हा धडा मोठी किंमत देऊन शिकला. तिथे १९९९ साली कर्करोग शोधण्याची राष्ट्रीय मोहीम सुरू झाली. तिच्यात थायरॉईडची सोनोग्राफी नव्हती. परंतु दवाखान्यांनी थोड्या जादा पैशांत तीही करून द्यायला सुरुवात केली. परिणामी २०११ साली थायरॉईडच्या कर्करोगाचे निदान होण्याचे प्रमाण १९९३ च्या तुलनेत १५ पट झाले. मात्र त्या कर्करोगाने होणाऱ्या मृत्यूंचे प्रमाण होते तेवढेच राहिले. म्हणजे ज्या बारीक गाठींनी जन्मात त्रास दिला नसता, त्या हुडकून हजारो लोकांच्या थायरॉईड ग्रंथी काढल्या गेल्या. अशा कितीतरी लोकांना आयुष्यभराची गोळी लागली, काहींच्या शरीरातील कॅल्शियमचा तोल गेला, काहींचा आवाज बसला. २०१४ साली तिथल्याच डॉक्टरांनी हे जाहीरपणे मांडले आणि वर्षभरात अशा शस्त्रक्रिया सुमारे ३५ टक्क्यांनी कमी झाल्या.

कंबरदुखी आणि एमआरआय

आपल्या भागात शेतीकाम करणाऱ्यांत कंबरदुखी घरोघरी आहे. चार दिवस कंबर धरली की लोक विचारतात, "डॉक्टर, एमआरआय करून टाकू का?" आणि मग रिपोर्टमध्ये 'गादी सरकली' असे निघाले की माणूस खाटेला खिळतो.

अमेरिकेत १९९४ साली एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांची कंबर मुळीच दुखत नव्हती अशा ९८ लोकांचे एमआरआय काढले. त्यांपैकी निम्म्याहून अधिक, ५२ टक्के लोकांत किमान एक गादी फुगलेली दिसली. सगळ्या गाद्या ठीकठाक असलेले लोक होते फक्त ३६ टक्के. केस पिकतात तशा मणक्यांमधल्या गाद्याही झिजतात. ते छायाचित्रात दिसते, पण दुखण्याचे कारण तेच असेल असे नाही.

नव्याने सुरू झालेली कंबरदुखी बहुतेकांत काही आठवड्यांत हालचाल, शेक आणि साध्या औषधांनी कमी होते. मात्र पायातली शक्ती गेली, लघवी-शौचावरचा ताबा सुटला, जांघेजवळ बधिरपणा आला, सोबत ताप किंवा वजनात घट असली, पूर्वी कर्करोग झालेला असला किंवा पडल्यानंतर दुखणे सुरू झाले, तर एक दिवसही थांबू नये. तिथे एमआरआय किंवा एक्स-रे हवाच.

सीटी स्कॅनबाबत आणखी एक गोष्ट. सोनोग्राफी आणि एमआरआयमध्ये क्ष-किरण नसतात, सीटीमध्ये असतात. पोटाच्या एका सीटीमध्ये शरीराला जेवढा किरणोत्सर्ग मिळतो, तेवढा निसर्गातून मिळायला ढोबळमानाने तीन वर्षे लागतात. गरज असेल तेव्हा हा धोका पत्करणे शहाणपणाचे आहे. 'एकदा करून टाकू' म्हणून पत्करणे नव्हे, आणि लहान मुलांच्या बाबतीत तर नव्हेच.

डॉक्टर का लिहितात?

याची कारणे मी लपवून ठेवणार नाही. पहिले कारण भीती. १९९५ साली सर्वोच्च न्यायालयाने डॉक्टरांची सेवा ग्राहक संरक्षण कायद्याखाली येते असा निकाल दिला. मी तेव्हा नुकताच शिकून बाहेर पडलो होतो. रुग्णाला दाद मागता आली पाहिजे, याबद्दल माझे दुमत नाही. परंतु तेव्हापासून 'उद्या कुणी विचारले तर कागद हवा' म्हणून तपासण्या लिहिण्याची प्रवृत्ती वाढली, हेही खरे.

दुसरे कारण घाई. नीट विचारपूस करून, पोटाला हात लावून, छाती ऐकून तपासायला पंधरा मिनिटे लागतात. चिठ्ठीवर सहा तपासण्यांपुढे खुणा करायला अर्धे मिनिट.

तिसरे कारण रुग्णांचा आग्रह. नुसते बोलून आणि दोन गोळ्या देऊन पाठवले, तर "या डॉक्टरला काही कळत नाही, साधे रक्तसुद्धा तपासले नाही" असे म्हणत माणूस दुसऱ्या दवाखान्याची पायरी चढतो.

चौथे कारण कट. तपासणीसाठी रुग्ण पाठवल्याबद्दल डॉक्टरला मिळणारा पैसा. सगळेच डॉक्टर घेतात असे नाही, पण घेणारे आहेत. आमच्या व्यवसायासाठीच्या २००२ सालच्या नियमांत याला स्पष्ट मनाई आहे. विंचूदंशावरील संशोधनासाठी जगभर ओळखले जाणारे महाडचे डॉ. हिम्मतराव बावस्कर यांना २०१३ साली एका तपासणी केंद्राकडून असा धनादेश आला. त्यांनी तो ठेवून घेतला नाही, उलट महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे तक्रार केली. २०१७ साली राज्य सरकारने कट प्रॅक्टिसविरुद्ध कायद्याचा मसुदाही तयार केला होता. कटाचा पैसा आकाशातून पडत नाही, तो तुमच्याच बिलातून येतो, एवढे ध्यानात ठेवा.

आमच्या व्यवसायात चांगली जागही येत आहे. २०१२ साली अमेरिकेत नऊ वैद्यकीय संघटनांनी एक उपक्रम सुरू केला. प्रत्येकीने आपापल्या शाखेत सर्रास होणाऱ्या, पण बहुधा गरज नसलेल्या पाच-पाच गोष्टींची यादी स्वतःहून जाहीर केली. आपल्याकडेही कर्करोगाच्या उपचारात टाळाव्यात अशा दहा गोष्टींची यादी नॅशनल कॅन्सर ग्रिडच्या पुढाकाराने २०१९ साली प्रसिद्ध झाली. डॉक्टरांनीच डॉक्टरांना आवर घालण्याचा हा मार्ग मला सर्वांत भरवशाचा वाटतो.

तुम्ही काय विचारावे?

डॉक्टरांनी तपासणी लिहिली की नम्रपणे पण निःसंकोच विचारा:

१. ही तपासणी कशासाठी? तुम्हाला कोणत्या आजाराची शंका आहे?

२. रिपोर्ट पॉझिटिव्ह आला तर काय करणार आणि निगेटिव्ह आला तर काय? दोन्ही वेळा उपचार तेच राहणार असतील, तर तपासणी आजच करायची गरज आहे का?

३. दोन-तीन दिवस वाट पाहिली तर धोका आहे का? असल्यास कोणत्या लक्षणांवर लक्ष ठेवू?

४. हीच तपासणी अलीकडे झाली आहे, तो रिपोर्ट चालेल का?

५. सरकारी दवाखान्यात ही होते का?

असे विचारल्याने चांगला डॉक्टर रागावत नाही. मला कुणी विचारले तर मलाही लिहिण्याआधी पुन्हा विचार करावा लागतो, आणि कधी कधी लिहिलेली तपासणी मीच खोडतो. एक काम मात्र तुम्ही करा. जुने रिपोर्ट आणि औषधांच्या चिठ्ठ्या तारखेप्रमाणे एका फाईलमध्ये लावून ठेवा. निम्म्या तपासण्या पुन्हा होतात त्या केवळ आधीचा कागद सापडत नाही म्हणून, असा माझा अनुभव आहे.

या तपासण्या टाळू नका

हा लेख वाचून कुणी सगळ्याच तपासण्यांकडे पाठ फिरवली तर ते आगीतून फुफाट्यात जाण्यासारखे होईल. तेव्हा पुढील गोष्टी कात्रण काढून ठेवाव्यात.

वयाची तिशी ओलांडली की रक्तदाब आणि रक्तातील साखर तपासून घ्यावी. सरकारी योजनेत तीस वर्षांवरील सर्वांची ही तपासणी तसेच तोंडाची, आणि स्त्रियांच्या बाबतीत स्तनांची व गर्भाशयमुखाची तपासणी आरोग्य केंद्रात करण्याची सोय आहे. तंबाखू खाणाऱ्यांनी तोंड दाखवायला लाजू नये. मधुमेह असणाऱ्यांनी तीन ते सहा महिन्यांनी एचबीए१सी आणि वर्षातून एकदा डोळ्यांचा पडदा, मूत्रपिंड व पाय तपासून घ्यावेत. त्रास नाही म्हणून हे टाळू नये. गरोदर स्त्रीची हिमोग्लोबिन, रक्तगट, साखर, लघवी, एचआयव्ही ही तपासणी आणि डॉक्टरांनी सांगितलेली सोनोग्राफी वेळेवर व्हावी. दोन आठवड्यांहून अधिक खोकला, संध्याकाळचा ताप किंवा वजन घटत असेल तर थुंकी तपासावी. ट्रूनॅट किंवा सीबीनॅट यंत्रावरची ही तपासणी सरकारी केंद्रात मोफत आहे. पावसाळ्यातल्या तापात मलेरियाची तपासणी करावी. शौचातून रक्त, स्तनात गाठ, न भरणारी जखम, गिळताना त्रास, पाळी गेल्यानंतर रक्तस्राव, यांपैकी काहीही असेल तर पैशांचा विचार न करता डॉक्टरांना गाठावे.

परवा तेच शेतकरी गृहस्थ रस्त्यात भेटले. मुलगा कामाला लागला होता. म्हणाले, "साहेब, त्या पैशात खताच्या दोन गोण्या आल्या असत्या." मी म्हटले, "दादा, पुढच्या वेळी आधी दवाखान्यात या. लॅबची गरज पडली तर मी सांगेन, आणि कशासाठी तेही सांगेन. एक खेप जास्त पडली तरी चालेल."